ऑप्शनला टाकलेला प्रश्न

लातुरात कशाचीही शिकवणी निघते. कडेलोट हा खेळ सरकारी नोकरीच्या खेळाडू आरक्षणात आला, त्याला दोन महिने व्हायच्या आत त्याच्याही बॅचेस निघाल्या आणि कोणाला त्याचं नवल वाटलं नाही. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच, रिपीटर बॅच. चौकातल्या फलकांवर पूर्वी डॉक्टर होणाऱ्या मुलांचे फोटो असत, तिथं आता हातात कंट्रोलर धरलेली मुलं आली. फेटे तेच राहिले.

खेळ समजायला सोपा. पडद्यावर हवेत तरंगणारी एक मोठी शिळा, तिच्यावर दोन-तीन फळ्या, आणि एकमेकांना बडवणारी दोन पात्रं. मार खावा तसा इजेचा आकडा चढत जातो, आणि आकडा जितका मोठा तितकं पुढच्या फटक्याला पात्र लांब उडतं. कडेपलीकडे गेलं आणि परत येता आलं नाही, की एक जीव गेला. प्रत्येकाला जीव तीन, वेळ सात मिनिटं. वेळ संपली तर जास्त जीव उरलेला जिंकतो, आणि जीव सारखे असले तर कमी इजेचा.

गिरवलकर सरांची बॅच गावात सगळ्यांत लहान. सव्वीस वर्षं त्यांनी फिजिक्स शिकवलं. मग मुलं घरबसल्या यंत्राकडून फिजिक्स शिकायला लागली आणि सरांचे बाक रिकामे पडले. सरांनी हा खेळ शिकून घेतला तोही फिजिक्ससारखाच, वही घालून. कुठल्या पात्राची कुठल्या पात्राशी गाठ पडली तर काय करायचं, याच्या त्यांनी निळ्या शाईनं नोट्स काढल्या. कस्तुरी हलकुडे घोरपड खेळायची. घोरपड जड, हळू, हात आखूड. पण एकदा तिची मिठी बसली की समोरचा सरळ कडेपलीकडे. प्रभुलिंग कोरे गोफण खेळायचा. हा धनगर लांबूनच दगड मारतो, जवळ येऊ देत नाही. ही दोघं सरांची पहिली मुलं, एकाच बाकावर बसणारी आणि एकाच डब्यातले धपाटे खाणारी.

त्यांच्या गाठीचं पान सरांनी दोन रकान्यांत लिहिलं होतं. घोरपडीच्या बाजूला: "दगड मोजा. तिसऱ्यानंतर त्याला वाकून नवे उचलावे लागतात. तेवढ्यात अर्धं अंतर कापा. उडी मारून जाऊ नका, हवेत ढाल धरता येत नाही." गोफणीच्या बाजूला पहिलीच ओळ, खाली दोन रेघा मारलेली: "घोरपडीच्या हाताच्या अंतरात कधीही उभं राहू नये. तीन पावलं सोडूनच."

वर्गात एक रीतही होती. सर फिजिक्स शिकवायचे तेव्हा आधी हजेरी घ्यायचे, ती सवय त्यांना सोडवली नाही. सामना सुरू झाला की दोन्ही पात्रांनी एकदा खाली बसून उठायचं, ही हजेरी. पुढं मुलांनी त्यात भर घातली. सामना रेंगाळला, दोघंही कोपरे धरून बसले, की कोणीतरी शिळेच्या मध्यावर येऊन हजेरी द्यायची. समोरच्यानंही यायचं, बसायचं, उठायचं आणि मग तिथून नव्यानं भिडायचं. हजेरीत कोणी कोणाला मारलं नाही. तसा नियम कोणी केला नव्हता, करायची वेळच आली नव्हती.

एका शब्दावर मात्र सर चिडायचे. परीक्षेत येणार नाही असं वाटतं तो धडा लातूरची मुलं ऑप्शनला टाकतात, म्हणजे वाचतच नाहीत. "माझ्या वर्गात ऑप्शनला काय टाकायचं नाई," सर म्हणायचे, "जे टाकताव तेच येतंय."

प्रभू पुण्याच्या एका अकादमीत गेला आणि त्याच वर्षी पट्टी आली.

पट्टीचं कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं. मुलांनी तिला 'अपेक्षित' म्हणायला सुरुवात केली, परीक्षेआधी अपेक्षित प्रश्नांचे संच मिळतात तसं. त्यामागचं शास्त्र फार अवघड नाही. डोळ्यांनी बघून बोट हलवायला माणसाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. कडेलोटमधला चपळ फटका त्याच्या निम्म्या वेळात बसतो. म्हणजे बघून अडवणं शक्यच नाही, आधी अंदाज बांधावा लागतो. आणि अंदाज ही सवयीची गोष्ट आहे. माणसाला वाटतं आपण मनाला येईल तसं खेळतो. पण त्याला मनाला येईल तसं 'छापा' आणि 'काटा' शंभर वेळा लिहायला सांगा, तो सलग सहा वेळा छापा लिहायचा नाही. खरं नाणं मात्र शंभर फेकींत सहा छापे सलग सहज देऊन जातं. घाईत तर माणूस दोन-तीनच गोष्टी आलटून पालटून करतो. स्पर्धांचे सगळे सामने साठवलेले असतातच. यंत्रानं एकाचे चारशे सामने चाळले, की कडेला लटकल्यावर तो उडी मारेल, लोळत येईल की थांबेल, हे ते दहातल्या सात वेळा बरोबर सांगतं.

सांगतं ते मनगटावर. अंगठ्याच्या बाजूला ठोका म्हणजे मार, करंगळीच्या बाजूला ठोका म्हणजे थांब. डोळ्यांपेक्षा कातडी लवकर कळवते, म्हणून. खेळाच्या महामंडळानं वर्षभर काथ्याकूट केला आणि पट्टीला परवानगी देऊन टाकली.

कस्तुरी लागोपाठ तीन स्पर्धा हरली. तिन्ही वेळा समोरच्याच्या हातात पट्टी होती आणि तिन्ही वेळा तिला वाटलं, आपल्या डोक्यात कोणीतरी खुर्ची टाकून बसलंय. निवडीची वयोमर्यादा तेवीस. ती तेवीसची होती. राज्य संघातली जागा याच वर्षी मिळाली तर मिळाली, नाहीतर वडिलांनी भरून ठेवलेला डी.एड.चा फॉर्म होताच.

ती पट्टी बांधून वर्गात आली तेव्हा सर फळा पुसत होते.

"हातात काय हाय?"

"अपेक्षित."

सरांनी डस्टर खाली ठेवलं. "मग वही कशाला आणलीस?"

"सर, वहीत घोरपडीविरुद्ध काय करायचं ते हाय. कस्तुरीविरुद्ध काय करायचं ते त्यांच्याकडं हाय. मी काय करू?"

"सवय मोड."

"मोडली. तर मोडायची बी एक सवय लागली म्हणं. यंत्रानंच सांगितलं." तिचा आवाज चढला. "दोन वर्षं झाली, तुम्ही एकच सांगलालाव. दगड मोज, दगड मोज. मोजले की. तो चौथा कधी मारतो ते यंत्राला माहीत हाय, मला नाई."

सरांनी डस्टर उचलून फळ्याचा राहिलेला कोपरा पुसला. मग म्हणाले, "यंत्र जे सांगत नाई ते तू ऑप्शनला टाकशील. एवढंच मला कळतंय."

तिला त्या शब्दाचा वीट आला होता. वही बाकावर ठेवून ती निघून गेली, आणि महिनाभर त्या गल्लीत फिरकली नाही.

पट्टीची खरी मेहनत वेगळीच होती. ठोका कळून, विचार करून मग बोट हलवलं तर उपयोग शून्य. ठोका आणि बोट यांच्या मधून स्वतःला काढून टाकावं लागायचं. तिनं रोज सहा तास तेच केलं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी जेवताना आईनं 'अजून वाढू का' म्हणून तिच्या मनगटाला हात लावला, तर तिचा अंगठा झटक्यानं वळला आणि आमटीची वाटी आईच्या अंगावर उडाली.

"काय गं हे?" आई म्हणाली.

"मी नाई केलं," कस्तुरी म्हणाली, आणि मनातून खूश झाली. पट्टी अंगात मुरली होती.

निवडीच्या स्पर्धेत ती सहा सामने जिंकली. शेवटच्या जागेसाठी समोर आला प्रभू.

सामन्याआधी तो तिला मंडपाच्या मागं भेटला. दाढी राखली होती, बाकी तसाच. त्यानं डबा उघडून पुढं केला. धपाटे होते आणि शेंगाची चटणी.

"आईनं पाठवलेत. खा. सर कसे हायत?"

"असतील बरे. महिना झाला बोलले नाई."

"मी तर वर्षभर नाई बोललो. लाज वाटतीय." त्यानं आपल्या मनगटावरची पट्टी फिरवली. "कस्तुरे, खरं सांगू? आता मजा येत नाई. मी खेळलालो का ही खेळलालीय, हेच कळत नाई."

"जागा सोडतोस का मग?" ती हसत म्हणाली.

"ते नाई," तोही हसला. "माझं बी शेवटचंच वर्ष हाय."

पाच डावांचा सामना दोन-दोन झाला आणि पाचवा डाव कुजला. याला दुसरा शब्द नाही. दोघांचा एकेक जीव उरला होता. तिची इजा ब्याण्णव, त्याची अठ्ठ्याऐंशी. म्हणजे त्यानं नुसतं उभं राहिलं तरी तो जिंकत होता. तो डाव्या कडेला उभा राहिला. ती उजव्या बाजूला. तिची पट्टी करंगळीच्या बाजूला ठोके देत राहिली: थांब, थांब, थांब. पुढं जावं तर दहातल्या सात वेळा दगड बसणार, हे यंत्राला माहीत होतं. न जावं तर वेळ संपून हरणार, हे माहीत नव्हतं, कारण यंत्र पुढचा अर्धा सेकंद बघायचं आणि सातवं मिनिट कधीच बघायचं नाही. प्रभूच्या पट्टीलाही तिची पट्टी काय म्हणेल ते ठाऊक होतं, आणि हिच्या पट्टीला ते ठाऊक आहे हे ठाऊक होतं. त्यामुळे दोन जिवंत माणसं पडद्यासमोर बसून काहीही करत नव्हती. प्रेक्षकांत शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी चपला वाजवल्या.

पाच मिनिटं गेली. कस्तुरीच्या डोक्यात संतापानं घण पडत होते. यंत्राचा राग, प्रभूचा राग, त्या चार आकड्यांच्या फरकाचा राग. महिनाभर स्वतःला घासून घासून ती इथपर्यंत आली होती, आणि आता तिला नुसतं उभं राहून हरावं लागणार होतं.

सहावं मिनिट लागलं, तेव्हा तिनं घोरपड चालवत शिळेच्या मध्यावर आणली. पट्टी करंगळीच्या बाजूला थडथडत होती. वाटेत दोन दगड तिनं ढालीवर घेतले. मध्यावर येऊन घोरपड खाली बसली आणि उठली.

समालोचकानं विचारलं, हे काय चाललंय. त्याला कुठून कळणार? सरांच्या वर्गातला खेळाचा जुना संच कधी इंटरनेटला जोडलेलाच नव्हता. हजेरी जगातल्या कुठल्याच नोंदीत नव्हती.

पलीकडच्या खुर्चीत प्रभूनं मान वर केली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, पण त्याच्या दाढीतलं हसू तिला बाजूनं दिसलं. चार आकड्यांची आघाडी सोडून, हातातला तिसरा दगड खाली टाकून गोफणवाला चालत मध्यावर आला. घोरपडीच्या अगदी समोर. आणि खाली बसला.

घोरपडीनं मिठी घातली, उचललं आणि फेकून दिलं.

मंडपात एकदम गोंधळ झाला. लोक उभे राहिले. पडद्यावर तिचं नाव आलं. कस्तुरी कंट्रोलरकडे बघत बसली. तिला फेकायचं नव्हतं. म्हणजे नव्हतं असं तिला वाटत होतं. ती हजेरी द्यायला आली होती, खरंखुरं खेळायला आली होती, आणि अंगठा वळला होता.

प्रभू नळावर तोंड धूत होता. ती जाऊन शेजारी उभी राहिली. बराच वेळ तो पाणीच मारत राहिला, मग म्हणाला, "पट्टी वाजली असंल."

तिनं नळावरचा टॉवेल त्याच्यापुढं धरला.

"होतं गं. मलाबी होतंय. परवा दाढी नीट करलालो, घड्याळ वाजलं मनगटावर, वस्तरा बसला." त्यानं कानाखालची खूण दाखवली. "तुझा दोष नाई. मी समोर येऊन बसलो म्हणल्यावर यंत्र कशाला सोडतंय?"

"हां," ती म्हणाली.

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि रिकामा डबा पिशवीत टाकला. "जागा चांगली वापर," म्हणाला आणि गेला.

संध्याकाळपर्यंत अपेक्षितात तिच्याविषयी नवी ओळ पडली होती, सगळ्यांना वाचता येईल अशी. "मध्यावर येऊन खाली बसल्यास: मिठी. शंभर टक्के." प्रभूविषयीही पडली होती. "प्रतिस्पर्धी मध्यावर खाली बसल्यास: जवळ येऊन बसतो. शंभर टक्के." एकेका नमुन्यावर यंत्र एवढं छातीठोक बोलायला लागलं होतं, याची कस्तुरीला चीड आली. मग लक्षात आलं, की दुसरा नमुना आता कधी मिळणारच नाही. तिच्यासमोर आता कोण येऊन बसणार होतं?

परतीच्या बसमध्ये तिनं कंपनीकडून आपल्या पट्टीची नोंद मागवली. सामन्यातला प्रत्येक ठोका, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. तिला ती ओळ हवी होती. अंगठ्याच्या बाजूला एक ठोका, मिठीच्या जरा आधी, बस्स. तो कागदावर दिसला की प्रभूला पाठवणार होती. सरांनाही पाठवणार होती.

अर्ध्या रस्त्यात नोंद आली. सहाव्या मिनिटाचे करंगळीकडचे ठोके एकाखाली एक, रांगेनं. मग रांग तुटली होती.

"५ मि. १९.४० से. प्रतिस्पर्धी समोर, खाली बसलेला. पूर्वीचे नमुने: ०. सल्ला: नाही."

"५ मि. १९.७१ से. खेळाडूनं मिठी मारली."

तिनं ते चार वेळा वाचलं. मधले एकतीस शतांश पूर्ण रिकामे होते. यंत्राला काहीच सुचलं नव्हतं. त्यानं तो प्रश्न ऑप्शनला टाकला होता. कस्तुरीला रडू आलं नाही, राग आला, आणि बसमध्ये राग काढावा असं कोणी नव्हतं. नंतरचा सगळा रस्ता ती मनगटाला हात लावून बसली. पट्टी कधीच काढून पिशवीत टाकली होती.

रविवारी दुपारी ती सरांच्या वर्गात गेली. वाटलं होतं सर एकटे असतील. पण प्रभू आला होता, दोन दिवसांसाठी घरी आलेला, आणि दोघं जुन्या संचासमोर चहा पीत बसले होते. तिची वही महिन्यापूर्वी ठेवली होती तिथंच बाकावर होती.

"ये," सर म्हणाले. "बघितला सामना. प्रभू सांगत होता, पट्टीनं घोटाळा केला म्हणून."

"व्हय की," प्रभू म्हणाला. "सर म्हणलालेत, तक्रार करू. म्हणलं कशाला? जागा शेवटी आपल्याच वर्गात आली."

तिला तिथंच गप्प बसता आलं असतं. चहा मिळाला असता, धपाटे मिळाले असते, सगळं पूर्वीसारखं झालं असतं. कोणी ती नोंद बघायला मागणार नव्हतं. ती बाकावर बसली, वही मांडीवर घेतली, आणि तिला एकदम असह्य झालं.

"पट्टी वाजली नव्हती," ती म्हणाली.

प्रभूनं कप खाली ठेवला. "म्हंजे?"

"नोंद मागवली मी. त्या वेळी ठोकाच नाई. सल्ला नाई म्हणून लिहिलंय." तिनं मोबाइल पुढं केला. त्यानं हात पुढं केला नाही. "मीच मारलं, प्रभ्या. का मारलं ते मला माहीत नाई. तू समोर येऊन बसलास, आणि मला तेवढंच दिसलं, की आता बसतीय मिठी."

बाहेर गल्लीत कोणीतरी गाडीला किका मारत होतं. गाडी सुरू होईना.

"नळावर म्हणालो तेव्हा हां म्हणलीस की," प्रभू म्हणाला.

"व्हय. तेव्हा मला वाटलं, तसंच असंल. आणि तसं नसलं तरी तू तसं समजावं, असं बी वाटलं."

"जागेचं काय?"

"पत्र लिहिलंय मी महामंडळाला, पुन्हा खेळवा म्हणून. ते म्हणतात, नियमात बसतंय, निकाल तोच राहील."

सरांनी चष्मा काढून पुसला. "हजेरीचं मी वहीत कुठंच लिहिलं नाई," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता. "हजेरीत कोण मारतंय, असं वाटलं. मीच ऑप्शनला टाकलं बग."

मग प्रभूनंच उठून संच लावला. एक कंट्रोलर स्वतः घेतला, दुसरा तिच्या मांडीवरच्या वहीवर ठेवला. "चल," म्हणाला, "आलीसच तर."

पडद्यावर शिळा आली. तिनं घोरपड घेतली, त्यानं गोफण. दोघांच्याही मनगटावर काही नव्हतं. सामना सुरू झाला आणि कस्तुरीनं रीतीप्रमाणे हजेरी दिली. घोरपड खाली बसली, उठली.

गोफणवाला उभाच राहिला. ती थांबली. पुन्हा एकदा घोरपडीला खाली बसवलं, आणि या वेळी तिनं अंगठा कंट्रोलरवरून काढून हात बाजूला धरला, त्याला दिसेल असा. प्रभूनं तो हात बघितला. मग पडद्याकडे बघत त्यानं गोफणवाल्याला मागं घेतलं. एक पाऊल, दोन, तीन. तिथं थांबवलं. सरांच्या वहीत पहिल्या ओळीत लिहिलं होतं, बरोबर तेवढ्या अंतरावर.